प्लेस्टेशन १ साठी घरगुती मॉडचिप: एटीटायनी८५ प्रोग्राम करून बसवण्याची पूर्ण कृती

प्लेस्टेशन १ ची मॉडचिप, म्हणजे दुसऱ्या प्रदेशाच्या किंवा स्वतः लिहिलेल्या डिस्क चालू देणारी जादा चिप, फार काही करत नाही. कन्सोल डिस्कला 'तू कुठली?' असं विचारतो, तेव्हा डिस्कऐवजी ही चिप चार अक्षरं सांगते आणि गप्प बसते. एवढ्या कामाला एटीटायनी८५ हा आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर, सहा वायर आणि एक कपॅसिटर पुरतो. प्रोग्राम चढवणं सोपं आहे, डाग द्यायलाही थोडा हात बसलेला असला की झालं. घोळ होतो तो या दोन्हींच्या आधी. आपला बोर्ड कुठला हे न बघता दुसऱ्याच बोर्डाचं चित्र समोर ठेवून वायर लावल्या जातात आणि मग आठवडाभर प्रोग्राममध्ये चूक शोधली जाते. म्हणून इथे सोल्डरिंग आयर्न बऱ्याच उशिरा गरम होणार आहे.

ही कृती मुख्यतः एससीपीएच-७५०२ आणि एससीपीएच-९००२ या पाल (युरोप आणि भारतातली टीव्ही पद्धत) कन्सोलसाठी आहे. पॉवर सप्लाय आतच, तोही थेट आपल्या २३० व्होल्टवर चालणारा, आणि पालचं चित्र इथल्या जुन्या टीव्हीवर सरळ उमटतं. त्यामुळे आपल्याकडे सुरुवात करायला ही मॉडेल्स सोयीची. बाकीच्या मॉडेल्सचा फरक जिथे पडतो तिथे सांगितलाच आहे.

चार अक्षरं कुठून येतात

मूळ काळ्या डिस्कच्या अगदी आतल्या भागात, म्हणजे लीड-इनमध्ये, ट्रॅक सरळ जात नाही. तो मुद्दाम किंचित नागमोडी दाबलेला असतो. लेन्स त्या नागमोडीमागे धावते आणि त्या हालचालीतून कन्सोलला अक्षरं मिळतात. जपानसाठी एस-सी-ई-आय, अमेरिकेसाठी एस-सी-ई-ए, युरोपसाठी एस-सी-ई-ई. घरच्या सीडी रायटरला ही नागमोड काढता येत नाही, कारण कोऱ्या डिस्कवर आधीच कोरलेल्या खाचेतूनच त्याला चालावं लागतं. डिस्कचा काळा रंग मात्र निव्वळ दिखाऊ आहे, संरक्षणाशी त्याचा काही संबंध नाही.

अक्षरं सेकंदाला २५० बिट या वेगाने येतात, म्हणजे एक बिट ४ मिलिसेकंदांचा. एका अक्षराला ११ बिट लागतात: सुरुवातीचा १, मग आठ बिट उलटे करून आणि सर्वांत लहान बिट आधी, शेवटी दोन शून्यं. कागदावर मांडलं तर असं दिसतं:

एस: १ ००११०१०१ ००
सी: १ ००११११०१ ००
ई: १ ०१०१११०१ ००
ए: १ ०१११११०१ ००
आय: १ ०११०११०१ ००

'एस'चा कोड हेक्समध्ये ५३, बायनरीत ०१०१००११. उजवीकडून वाचला की ११००१०१०, उलटा केला की ००११०१०१. हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, पुढे लॉजिक अ‍ॅनालायझरवर (सिग्नलचे शून्य-एक दाखवणाऱ्या यंत्रावर) लाटा दिसल्या की ओळखता येतात. चार अक्षरांचे ४४ बिट, म्हणजे १७६ मिलिसेकंद. त्यानंतर ७२ ते ९० मिलिसेकंद थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं.

नव्वदीतल्या सुरुवातीच्या चिपा हेच अखंड बडबडत राहायच्या. पुढे काही गेम्स खेळ चालू असताना मुद्दाम तपासायला लागल्या की डिस्कचा वाचक लीड-इनमध्ये नसतानाही अक्षरं येताहेत का. आली, तर चिप पकडली गेली आणि गेम तिथेच थांबली. म्हणून आजचा चांगला प्रोग्राम आधी ऐकतो आणि मग बोलतो. तो सबकोड क्यू नावाची डिस्कची माहिती वाचत राहतो. दर वेळी १२ बाइट येतात. पहिला बाइट हेक्समध्ये ४१, म्हणजे डेटा ट्रॅक. दुसरा ००, म्हणजे लीड-इन. तिसरा ए०, ए१ किंवा ए२, म्हणजे अनुक्रमणिका वाचली जात आहे. असं जुळलं की मोजणी एकने वाढते, नाही जुळलं की एकने उतरते. पीएसनी या मुक्त प्रोग्रामच्या सातव्या आवृत्तीत मोजणी १४ वर पोचली की युरोप, अमेरिका, जपान तिन्हींची अक्षरं पाठवली जातात. कन्सोल आपलं तेवढं उचलतो. खाली हाच प्रोग्राम धरला आहे.

आधी बोर्ड ओळखा

कन्सोलच्या तळाशी मॉडेल क्रमांक असतो. त्याचा शेवटचा अंक प्रदेश सांगतो: ० जपान, १ अमेरिका, २ युरोप, ३ आशिया. पण मॉडेल क्रमांकावरून बोर्डाचा फक्त अंदाज येतो. खरी ओळख मदरबोर्डवर छापलेली असते: पीयू-८, पीयू-१८, पीयू-२०, पीयू-२२, पीयू-२३, आणि छोट्या गोल पीएसवनमध्ये पीएम-४१. ७५०२ मध्ये पीयू-२२ आणि ९००२ मध्ये पीयू-२३ सापडायला हवा. पंचवीस वर्षांत कुणी दुरुस्तीच्या नावाखाली बोर्ड बदललेला असू शकतो, म्हणून उघडून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे इतकं महत्त्वाचं का, तर पीयू-२० पर्यंतच्या आणि पीयू-२२ पासूनच्या बोर्डांत मूलभूत फरक आहे. जुन्या बोर्डांवर 'गेट' नावाची एक रेषा असते. चिपने ती खाली ओढून धरायची आणि डेटा रेषेवर साधे शून्य-एक द्यायचे. शून्य म्हणजे रेषा खाली ओढणं, एक म्हणजे ती मोकळी सोडणं. पीयू-२२ पासून त्याच जागी डब्ल्यूएफसीके हा सतत धडधडणारा क्लॉक आहे, एकपट वेगाला ७.३५ किलोहर्ट्झ आणि दुप्पट वेगाला १४.७. इथे 'एक' पाठवायचा म्हणजे ४ मिलिसेकंद त्या धडधडीची नक्कल डेटा रेषेवर करायची. जुन्या पद्धतीची चिप नव्या बोर्डावर बसवली की ती रेषा खाली-मोकळी करत राहते आणि कन्सोलला त्यातून काहीच कळत नाही. पीएसनी सुरू होताना ही रेषा तपासून बोर्ड कुठल्या जातीचा ते स्वतः ठरवतो, पण त्यासाठी ती वायर योग्य जागी असली पाहिजे.

जपानी कन्सोल, आणि पाल पीएसवन म्हणजे एससीपीएच-१०२, यांच्यात आणखी एक अडथळा आहे. त्यांचा बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारा आतला प्रोग्राम, तोही प्रदेश तपासतो. तिथे दुसऱ्या प्रदेशाच्या गेम्स चालवायच्या तर सुरुवातीच्या क्षणी बायोसच्या डेटा रेषेवर एक बिट नेमक्या वेळी बदलावा लागतो, आणि त्यासाठी १६ मेगाहर्ट्झचा मोठा एटीमेगा लागतो. एटीटायनी तिथे पुरत नाही, उगाच हट्ट करू नका.

सामान

एटीटायनी८५, डीआयपी प्रकारचा, शक्यतो दोन घ्या. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. ३० गेजची एकपदरी वायर, साधारण एक मीटर, दोन-तीन रंगांत. ०.५ किंवा ०.६ मिलिमीटर जाडीचं सोल्डर, फ्लक्स, उष्णता सोसणारी कॅप्टन टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकाचं. फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टीमीटर. प्रोग्राम चढवायला अर्डुइनो उनो, ब्रेडबोर्ड आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर असेल तर निम्मा त्रास वाचतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तापकीर गल्ली धुंडाळली की यातलं बहुतेक मिळतं. चिपवरची छपाई पुसून दुसरा क्रमांक छापलेला माल सगळीकडे फिरतो, त्यामुळे घरी आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे चिपची सही, म्हणजे तिच्यात कायम असलेला ओळख क्रमांक, प्रोग्रामरने वाचणं. एटीटायनी८५ ची सही हेक्समध्ये १ई ९३ ०बी. १ई ९२ ०६ आली तर ती एटीटायनी४५ आहे.

बरेच जण हाताशी आहे म्हणून ५ व्होल्टचा अर्डुइनो नॅनो बसवतात. कन्सोलच्या आतले सिग्नल ३.५ व्होल्टचे आहेत. नॅनोला ५ व्होल्ट दिले तर तो कन्सोलच्या पायांत ५ व्होल्ट ढकलतो, ३.५ व्होल्टवर चालवला तर १६ मेगाहर्ट्झ त्या व्होल्टेजला त्याच्या मर्यादेबाहेर जातं. एटीटायनी८५ ला ८ मेगाहर्ट्झवर ३.५ व्होल्ट अगदी आरामात चालतात. ती निवडण्याचं खरं कारण हे आहे, किंमत नव्हे.

प्रोग्राम चढवणं

हे काम चिप कन्सोलमध्ये जाण्याआधीच उरकायचं, कारण प्रोग्रामिंगचे आणि कन्सोलचे पाय तेच आहेत.

उनोवर अर्डुइनो आयएसपी हा तयार स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) चढवा. त्यानंतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये लावा, उणे टोक ग्राउंडकडे. स्केच चढवण्याआधी कपॅसिटर लावला तर उनो स्वतःचाच प्रोग्राम घेत नाही. नंतर लावायला विसरलात तर एटीटायनीसाठी पाठवलेला प्रोग्राम उनोवरच जाऊन बसतो. मग जोडणी: उनोचा १० चिपच्या पाय १ ला, ११ पाय ५ ला, १२ पाय ६ ला, १३ पाय ७ ला, ५ व्होल्ट पाय ८ ला, ग्राउंड पाय ४ ला. चिपवरचा गोल ठिपका पाय १ जवळ असतो.

अर्डुइनो सॉफ्टवेअरमध्ये एटीटायनीकोर बसवून चिप एटीटायनी८५, क्लॉक ८ मेगाहर्ट्झ अंतर्गत, ब्राउन-आउट २.७ व्होल्ट असं निवडा आणि 'बर्न बूटलोडर' दाबा. नावावर जाऊ नका, इथे बूटलोडर जात नाही, फक्त फ्यूज, म्हणजे चिपच्या आतल्या मूळ सेटिंग्ज, लिहिले जातात. लो फ्यूज हेक्समध्ये ई२ झाला पाहिजे. नवी चिप ६२ घेऊन येते, म्हणजे तिचा क्लॉक आठाने भागलेला, १ मेगाहर्ट्झ. ही पायरी चुकली तर प्रोग्राम बिनतक्रार चढतो, पण ४ मिलिसेकंदांचा बिट ३२ मिलिसेकंदांचा होतो आणि कन्सोलला ती भाषा परकी वाटते. हाय फ्यूजला रीसेट बंद करणारा पर्याय चुकूनही निवडू नका. त्यानंतर साध्या प्रोग्रामरने चिप परत उघडत नाही.

पीएसनीच्या फाइलमध्ये वरच बोर्ड निवडायच्या ओळी असतात. एटीटायनीची ओळ चालू करा, अर्डुइनोची बंद. तिथेच कुठला सिग्नल कुठल्या पायावर ते लिहिलेलं असतं. सातव्या आवृत्तीत एसक्यूसीके (सबकोडचा क्लॉक) ०, सबक्यू (सबकोडची माहिती) १, डेटा २ आणि गेट किंवा डब्ल्यूएफसीके ४ वर आहे. हे प्रोग्राममधले क्रमांक आहेत, चिपवर ते अनुक्रमे पाय ५, ६, ७ आणि ३ होतात. नंतरच्या आवृत्त्यांत बदल झालेत, त्यामुळे तुमच्या हातातल्या फाइलमधली यादी अंतिम माना.

पण मुख्य प्रोग्राम चढवण्याआधी एक चाचणी करून घ्या.

चिपचं घड्याळ

एटीटायनीत क्रिस्टल नाही, आतला आरसी ऑसिलेटर आहे. कारखान्यातून त्याची हमी फक्त १० टक्क्यांपर्यंतची. व्यवहारात तो त्याहून बराच बरा निघतो, पण प्रत्येक वेळी नाही. साधा हिशेब करा: ११ बिटांचं अक्षर आहे आणि कन्सोल सुरुवातीच्या बिटावरून पुढचे बिट मोजतो. घड्याळ ५ टक्के चुकलं तर दहाव्या बिटाला अर्ध्या बिटाची घसरण होते, आणि तिथे चुकीचं वाचलं जाऊ शकतं. 'कधी चालते, कधी नाही' अशा चिपांमध्ये हे कारण बरेचदा असतं आणि सहसा कुणी तपासत नाही.

चाचणी सोपी आहे. चिपचा पाय २ (प्रोग्राममध्ये क्रमांक ३) दर ४००० मायक्रोसेकंदांनी उलटसुलट करणारा चार ओळींचा स्केच लिहा. चिपला उनोच्या ३.३ व्होल्टमधून वीज द्या, कारण व्होल्टेज बदललं की हे घड्याळही थोडं सरकतं. त्या वेळी प्रोग्रामिंगच्या चारही वायर काढून ठेवा. मल्टीमीटर हर्ट्झवर लावून पाय २ मोजा. १२५ यायला हवेत. १२४ ते १२६ मध्ये असेल तर हात लावू नका. बाहेर असेल तर प्रोग्रामच्या सुरुवातीला ऑस्ककॅल रजिस्टरची किंमत एकेकाने बदला. वाढवली की वेग वाढतो, कमी केली की उतरतो. एक खाचखळगा लक्षात ठेवा: या रजिस्टरच्या १२७ आणि १२८ मध्ये पट्टा बदलतो आणि वेग एकदम उडी मारतो. ती सीमा ओलांडू नका. सापडलेली किंमत लिहून ठेवा, दुसऱ्या चिपला ती लागू होत नाही.

यानंतर मुख्य प्रोग्राम चढवा, त्यात ती ऑस्ककॅलची ओळ घाला, आणि चिप बाजूला ठेवा.

कन्सोल उघडण्याआधी आणि उघडल्यावर

आधी कन्सोल आहे तसा, त्याच्याच प्रदेशाच्या मूळ डिस्कवर अर्धा तास चालवा. लेन्स थकलेली असेल तर ते आत्ताच कळू दे. चिप बसवल्यावर कळलं तर दोष चिपवर जातो.

प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. मोठ्या कन्सोलच्या डाव्या बाजूला पॉवर सप्लायची स्वतंत्र प्लेट असते. तिच्या प्राथमिक बाजूचा मोठा कपॅसिटर २३० व्होल्टच्या लाइनवर सुमारे ३२५ व्होल्ट धरतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच रिकामा होत नाही. त्या प्लेटला वर-खाली कुठेही बोट लागू देऊ नका. उघड्या कन्सोलवर मोजमाप करायचं असेल तेव्हा जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकची शीट त्यावर आडवी ठेवा. जपानी किंवा अमेरिकी कन्सोल आपल्या भिंतीत थेट लावला की सप्लाय जळतो, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. पीएसवनला मात्र बाहेरचा ७.५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो, त्यामुळे त्याच्या आत लाइन येतच नाही.

तळाचे स्क्रू काढून वरचं कवच उचला. लेसर युनिट उचलताना त्याची पट्टी केबल आणि मोटरची वायर दोन्ही हलक्या हाताने सोडवा. पट्टी सरळ वर ओढायची. तिरकी ओढली की तिचं टोक दुमडतं. त्याखाली पत्र्याची ढाल, तिच्याखाली मदरबोर्ड. नाव वाचा. त्याच नावाचं जोडणीचं चित्र छापून समोर ठेवा, आणि चित्रातल्या आयसीचा क्रमांक तुमच्या बोर्डवरच्या आयसीशी, पाय १ चा ठिपका त्याच्या ठिपक्याशी जुळवा. चित्रातला बोर्ड उलट्या बाजूचा आहे का तेही बघा. आरशातल्यासारखी उलटी जोडणी ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक असावी.

सहा वायर

एटीटायनीचे पाय असे जातात:

पाय ८ → ३.५ व्होल्ट
पाय ४ → ग्राउंड
पाय ५ → एसक्यूसीके
पाय ६ → सबक्यू
पाय ७ → डेटा
पाय ३ → डब्ल्यूएफसीके (पीयू-२० पर्यंत गेट)

पाय २ मोकळा. पाय १ मोकळा सोडला तरी चालतं, पण १० किलोओहमने पाय ८ ला बांधला तर गोंगाटी लाइनवर चिप उगाच रीसेट होत नाही. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर थेट चिपच्या पाठीवर, पाय ८ आणि ४ मध्ये. लांब वायरने जोडला तर तो असून नसल्यासारखा.

सप्लायमधून मदरबोर्डला दोन मुख्य व्होल्टेज येतात, सुमारे ७.५ आणि ३.५. कनेक्टरवर मल्टीमीटर लावून ३.५ चा पाय खात्रीने ओळखा. एटीटायनीची कमाल मर्यादा ६ व्होल्ट आहे, ७.५ दिले की ती गेली.

आयर्न ३२० ते ३४० अंशांवर ठेवा. आयसीच्या पायावर थेट डाग द्यायचा मोह टाळा. त्या पायापासून निघालेला ट्रॅक जिथे टेस्ट पॉइंटला, रेझिस्टरला किंवा आरपार छिद्राला पोचतो तिथे द्या, जागा मोठी मिळते आणि शेजारच्या पायाशी पूल होत नाही. छिद्रावर हिरवा लेप असेल तर ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडून तांबं उघडं करा. वायर १ ते २ मिलिमीटरच सोला, आधी तिच्या टोकाला सोल्डर लावून घ्या, जागेवर फ्लक्स टाका आणि एक ते दोन सेकंदांत उचला. डाग चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे. गोळ्यासारखा उभा राहिला तर तो ड्राय सोल्डर आहे, आज चालेल आणि महिन्याने सुटेल.

वायर १० ते १५ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. दर ३ सेंटिमीटरवर कॅप्टन टेपचा तुकडा लावा, म्हणजे ओढ डागावर न येता टेपवर येईल. सप्लायच्या प्लेटखालून आणि स्क्रूच्या खांबांवरून वायर नेऊ नका. झाकण आवळताना खांबाखाली चिरडलेली वायर हमखास शॉर्ट होते.

क्रम असा ठेवा: आधी ग्राउंड आणि ३.५ व्होल्ट, मग चार सिग्नल. वीज देण्याआधी मल्टीमीटरच्या बझरवर पाय ८ आणि ४ मध्ये शॉर्ट नाही ना, आणि शेजारशेजारच्या सिग्नलमध्ये बीप येत नाही ना, ते बघा. मग प्रत्येक वायर तिच्या आयसीच्या नेमक्या पायापर्यंत पोचते का तेही बझरवर तपासा, डाग दिलेल्या जागेपर्यंत नव्हे.

पहिली सुरुवात

लेसर युनिट परत जोडा, झाकण अजून लावू नका. कन्सोल चालू करून पाय ३ वर हर्ट्झ मोजा. पीयू-२२ आणि पीयू-२३ वर ७ किलोहर्ट्झच्या वर काहीतरी ठोस आकडा दिसला पाहिजे. शून्य असेल तर ती वायर डब्ल्यूएफसीकेवर नाहीच, पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही.

मग आधी पालची मूळ डिस्क, नंतर अमेरिकी किंवा जपानी मूळ डिस्क, आणि शेवटी स्वतः लिहिलेली सीडी-आर. हा क्रम उलटा करू नका. पहिलीत चिप कन्सोलला अडवत नाही हे कळतं, दुसरीत ती बोलते हे कळतं, आणि तिसरीत लेन्स फिकट डिस्क वाचते का ते कळतं. सीडी-आरडब्ल्यू वापरू नका. तिची चमक साध्या डिस्कपेक्षा बरीच कमी असते आणि या लेन्सला ती झेपत नाही.

चिप अनुक्रमणिका वाचताना पाहूनच बोलते, त्यामुळे झाकणाच्या बटणाला वेगळी वायर लागत नाही. दोन डिस्कच्या गेममध्ये मधेच डिस्क बदलली तरी ती पुन्हा आपोआप जागी होते.

चालत नसेल तर

*मूळ पाल डिस्कही चालेनाशी झाली.* चिप कुठल्या तरी रेषेला अडकवून ठेवते आहे. आधी पाय ७ ची वायर सोडवा. डिस्क चालली तर डेटाची जागा चुकली आहे. नाही चालली तर पाय ५ आणि ६ सोडवा, त्यातली एखादी शेजारच्या पायाशी जुळलेली असणार. सगळ्या काढूनही चालत नसेल तर लेसरची पट्टी केबल नीट बसलेली नाही, आणि चिपचा यात काही दोष नाही.

*पाल चालते, बाकीच्या डिस्कवर प्लेस्टेशनची डिस्क घाला असा संदेश येतो.* चिप बोलत नाही किंवा तिचं कन्सोलपर्यंत पोचत नाही. सर्वांत आधी पाय ५ आणि ६ ची अदलाबदल तपासा. या दोन रेषा बोर्डवर जवळजवळ असतात आणि उलट लागल्या तरी काही जळत नाही, चिप नुसती बसून राहते. लॉजिक अ‍ॅनालायझर असेल तर पाच आणि सहावर लावा. एसक्यूसीकेवर सारख्या अंतराच्या टिचक्यांचे झुबके दिसतात, सबक्यूवर त्याच वेळी वेडीवाकडी माहिती. पाय ७ वर डिस्क फिरायला लागल्यावर काही क्षणांत ४ मिलिसेकंदांच्या पटीतले पट्टे दिसले, तर चिपचं काम झालं, दोष त्यापुढच्या डागात. तिथे काहीच नसेल तर लो फ्यूज वाचून बघा.

*दहापैकी सहा वेळा चालते.* घड्याळ, कपॅसिटर, लेन्स या क्रमाने तपासा. ऑस्ककॅलची चाचणी टाळली असेल तर आता करा. लेन्स दोषी असेल तर मूळ डिस्कसुद्धा चित्रफितीच्या वेळी अडखळते. लेसर युनिटवरचा छोटा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) फिरवून वेळ मारून नेण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते, पण त्याने लेसरचा प्रवाह वाढतो आणि उरलेलं आयुष्य झपाट्याने संपतं. केएसएम-४४० चं योग्य उपप्रकाराचं युनिट बदलणं शहाणपणाचं. नव्या युनिटवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका शॉर्ट करून दिलेला असू शकतो. तो काढल्याशिवाय लेसर पेटतच नाही, आणि नवं युनिट 'खराब निघालं' म्हणून परत जातं.

*गेम सुरू होते आणि इशारा दाखवून थांबते.* चिप नको तेव्हा बोलली. जुना अखंड बडबडणारा प्रोग्राम असेल तर बदला. पीएसनी असूनही होत असेल तर सबक्यूवर गोंगाट आहे. वायर आखूड करा आणि एसक्यूसीकेपासून थोडी दूर न्या.

*गेम चालते पण चित्र काळं-पांढरं.* इथे चिप निर्दोष आहे. पाल कन्सोल एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) गेम ६० हर्ट्झवर दाखवतो, पण कंपोझिट केबलवरचा रंगाचा सिग्नल टीव्हीला ओळखीचा राहत नाही. आरजीबी केबल लावली की रंग परत येतात, कारण तिथे रंग वेगळ्या वायरींवरून जातात आणि त्या सिग्नलची गरजच उरत नाही. काही नवे टीव्ही कंपोझिटवरही सांभाळून घेतात, तेव्हा केबल आणण्याआधी घरातल्या दुसऱ्या टीव्हीवर लावून पाहा.

कायद्याचं एक सांगायला हवं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. परदेशातून विकत घेतलेली मूळ गेम किंवा स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवणं वेगळं, आणि चिपा बसवून नकली डिस्कसकट कन्सोल विकणं वेगळं.

सगळं चालल्यावर अल्कोहोलने फ्लक्स पुसा, चिप कॅप्टन टेपमध्ये गुंडाळून ढालीच्या वरच्या सपाट जागी दुहेरी टेपने चिकटवा, आणि ढालीच्या कडेवरून जिथे वायर वळतात तिथे टेपचा आणखी एक थर द्या. त्या कडेने वायरचं आवरण कापलं जातं. झाकण लावून, स्क्रू आवळण्याआधी, पुन्हा एकदा डिस्क फिरवून पाहा.